कांदेनवमीनंतर गेलेली गिऱ्हाइकं

गेल्या वर्षी दोघींवर अन्याय झाला. पहिला विमलताई सोनवणे यांच्यावर, श्रावणातल्या पहिल्या सोमवारी सकाळी, बडोद्यात अलकापुरीतल्या एका एसी खोलीत, त्या तिथे हजर नसताना. दुसरा कुसुमकाकू आगाशे यांच्यावर, कार्तिक शुद्ध द्वादशीला भर दुपारी, निजामपुऱ्यातल्या त्यांच्याच स्वयंपाकघरात, त्या ताट मांडून बसलेल्या असताना. दोन्ही अन्याय एकाच कंपनीने केले, एकाच रिकाम्या रकान्यामुळे केले, आणि त्या कंपनीचा पगार मी घेते. अजूनही घेते. म्हणून नावं घेऊन लिहितेय.

संपादकांनी बजावलं आहे, ‘‘पल्लवी, पत्रक नको, अनुभव लिही.’’ विद्यापीठात असताना मी मेसच्या पातळ डाळीवर आणि ग्रंथालयाच्या बंद पंख्यांवर पत्रकं लिहायचे. त्या लिखाणाची एक रीत असते. आधी कोणावर अन्याय झाला ते सांगायचं, मग कधी, मग कोणी, आणि शेवटी वाचणाऱ्याला कामाला लावायचं. ही रीत मी सोडणार नाही. मधल्या भागात अनुभव घालते, म्हणजे संपादकही खूश.

मी काय काम करते हे माझ्या आईला नीट सांगता येत नाही. शेजाऱ्यांनी विचारलं की ती म्हणते, ‘‘कॉम्प्युटरवर डबे मोजते.’’ खरं तर याहून चांगलं मलाही सांगता आलेलं नाही.

आमची कंपनी जेवणाचे डबे पोचवते. अ‍ॅपवर महिन्याची वर्गणी भरायची, रोज डबा दारात. शहरात आमची चार-पाच किचनं आहेत, त्यातलं निजामपुऱ्याचं विमलताई चालवतात. त्यांचे यजमान रेल्वेत, मूळचे जळगावकडचे. आमटीत गूळ किती घालायचा याबाबत विमलताईंनी बडोद्याशी एक समझोता केलेला आहे, म्हणजे गुजराती घरं म्हणतात डाळ जरा तिखट आहे आणि मराठी घरं म्हणतात आमटी जरा गोड आहे, आणि जेवतात सगळेच.

या सगळ्या डब्यांची माहिती डेटाबेसमध्ये असते. डेटाबेस म्हणजे पुष्कळ तक्ते. एका तक्त्यात माणसं: नाव, पत्ता, फोन. दुसऱ्यात वर्गण्या: कोणाची, कुठल्या किचनकडून, जैन की साधा. तिसऱ्यात रोजचे डबे. चौथ्यात खाडे, म्हणजे कोणी डबा कधीपासून कधीपर्यंत बंद ठेवलाय. प्रत्येक माणसाला एक क्रमांक असतो आणि त्या क्रमांकाने हे तक्ते एकमेकांना जोडलेले असतात. मी त्यांना प्रश्न विचारते. त्याला क्वेरी म्हणतात. ‘निजामपुऱ्यात आज डबा कोणाकोणाला?’ असा साधा प्रश्न, फक्त तो अशा भाषेत लिहायचा की ज्यात मोघम बोलायची सोयच नाही. यंत्र तुमच्या प्रश्नाचं उत्तर देतं. तुमच्या मनातल्या प्रश्नाचं देत नाही. आमच्या धंद्यातली सगळी रडगाणी या फटीतून येतात.

डभोईच्या कनुभाईंचं उदाहरण घ्या. कनुभाईंचं डभोईत भांड्यांचं दुकान. गावातली मुलं शिकायला बडोद्याला येतात, त्यांची खोली कनुभाई बघून देतात आणि डबाही तेच लावतात. सगळ्या डब्यांना फोन नंबर एकच, कनुभाईंचा. आमच्याकडे नव्याने आलेल्या एका हुशार साहेबाने ठरवलं की डेटा अस्वच्छ आहे. एक फोन म्हणजे एक माणूस, बाकी नावं दुबार. त्याने साफसफाई केली. दुसऱ्या दिवशी एका मुलाला डबा, बाकीचे उपाशी. संध्याकाळी कनुभाई एसटीने आले, आमच्या ऑफिसात पाय वर घेऊन बसले आणि म्हणाले, ‘‘मारा छोकरा डुप्लिकेट छे, एम?’’

हितेनभाई आमचे मालक. त्यांनी चहा मागवला. कनुभाई म्हणाले, चहा नको, पोरं जेवल्यावर पिईन. पोरं जेवली, तसा फोन आला, मग ते चहा प्यायले, तोही दोन कप. साफसफाईवाले साहेब नंतर बेंगळुरूला गेले. जाताना त्यांनी लिहिलेल्या क्वेऱ्या मात्र इथेच राहिल्या, त्यांचं पुढे येईलच.

आता कुसुमकाकू. निवृत्त शिक्षिका, एकट्या राहतात, मुलगी कॅनडात. डबा दुपारचा, साधा, विमलताईंच्या किचनचा. काकू चातुर्मास पाळतात. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत कांदा, लसूण, वांगं बंद. पहिल्या वर्षी त्यांनी आमच्याकडे चौकशी केली तेव्हा फोन घेणाऱ्या धाराने अगदी प्रेमाने सांगितलं, ‘‘चालशे मासी, जैन डबो करी आपुं.’’ आणि काकूंना चार महिन्यांसाठी जैन करून टाकलं.

चौथ्या दिवशी काकूंचा फोन.

‘‘धारा, बटाटा कुठे गेला?’’

‘‘मासी, जैनमां बटाको न आवे. जमीन नीचेनुं कंई न आवे.’’

‘‘अगं, माझं भांडण कांद्याशी आहे. बटाट्याने माझं काय वाकडं केलंय?’’

आमच्या तक्त्यात पर्याय दोनच होते, साधा आणि जैन. चातुर्मासवाल्यांसाठी तिसरा नव्हता. म्हणून काकूंनी पुढच्या वर्षीपासून सरळ डबा थांबवायला सुरुवात केली. चार महिने स्वतः करून खायचं आणि चातुर्मास सुटला की पुन्हा विमलताई. निजामपुऱ्यातली आणखी बरीच मराठी घरं हेच करायची, हे मला नंतर कळलं.

गेल्या आषाढात विमलताईंनी कांदेनवमी केली. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. चार महिने कांदा सोडायचा म्हणून आधी, आषाढ शुद्ध नवमीला, कांद्याचं जे जे होतं ते सगळं खाऊन घ्यायचं. भजी, झुणका, थालीपीठ, भरलं वांगं. विमलताईंनी त्या दिवशी खास डबा जाहीर केला आणि निजामपुऱ्याच्या ऑर्डरी अशा वाढल्या की हितेनभाईंनी तो आलेख मोठा करून भिंतीवर लावला. मग एकादशी आली. आलेख जो कोसळला तो वर आलाच नाही.

हितेनभाई वैष्णव. त्यांच्या घरात कांदा शिरतच नाही, तर सोडणार कुठून? त्यांनी आलेखाकडे बघितलं आणि जे कोणीही मालक काढेल ते अनुमान काढलं. नवमीला भजी खाल्ली, दोन दिवसांत गिऱ्हाईक पळालं. म्हणजे भजीत काहीतरी गडबड होती.

श्रावणातल्या त्या सोमवारी अलकापुरीच्या ऑफिसात बैठक झाली. ‘टिकले-गेले’ नावाचा आमचा एक मासिक अहवाल असतो. तोवर तो सगळ्या शहराचा मिळून निघायचा, गेल्या वर्षी पहिल्यांदा किचनवार निघाला. निजामपुऱ्यात ‘गेले’ची रांग भलीमोठी. ठरलं असं की विमलताईंना तेलाबद्दल आणि स्वच्छतेबद्दल लेखी विचारायचं, आणि गणपतीनंतर निजामपुऱ्याचं किचन बंद करून तिथले डबे मकरपुऱ्याहून पाठवायचे. मकरपुरा शहराच्या दुसऱ्या टोकाला. डबा पोचेपर्यंत आमटीवर साय यायची.

विमलताईंना कागद मिळाला. त्यांनी मला फोन केला, कारण ऑफिसात मराठी घरातली मी एकटीच. रडल्या नाहीत. इतकंच म्हणाल्या, ‘‘पल्लवी, माझं तेल वास घेऊन बघा म्हणावं. पण लोक जेवून पळाले असं लिहू नका. ते वाचून माझ्या हातातलं उलथनं थांबलं गं.’’

मी ‘गेले’ची नावं काढून बघितली. आगाशे, दिघे, पटवर्धन, मोहिते. निजामपुऱ्यातलं अर्धं मराठी मंडळ. हे सगळे एका एकादशीला एकदम आजारी पडले?

कुसुमकाकूंना फोन लावला. ‘‘काकू, डबा सोडलात?’’

‘‘सोडला कुठे? थांबवलाय. धाराला सांगितलंय मी, कार्तिकी द्वादशीला सुरू कर म्हणून.’’

धाराला विचारलं. ती बिचारी खरं बोलली. अ‍ॅपमध्ये खाडा एका महिन्यापेक्षा जास्त देता येत नाही, म्हणून लांबचे खाडे फोनवर घेतले जातात. ‘कधीपासून’ची तारीख तिने घातली. ‘कधीपर्यंत’मध्ये फक्त तारीख बसते, तिथी बसत नाही. कार्तिकी कुठल्या तारखेला येते ते तिला तेव्हा ठाऊक नव्हतं, म्हणून तिने रकाना कोरा ठेवला आणि शेरा मारला, ‘देवऊठी अगियारस पछी’, म्हणजे कार्तिकी एकादशीनंतर. शेरे यंत्र वाचत नाही. माणसंही वाचत नाहीत.

आणि इथे बेंगळुरूवाल्यांची क्वेरी. तिचा प्रश्न असा होता: ज्यांचा डबा चालू आहे ते टिकले, आणि खाड्यावर असलेल्यांपैकी ज्यांचा खाडा संपायची तारीख पुढे आहे तेही टिकले. आता कोरा रकाना म्हणजे शून्य नव्हे. यंत्राच्या लेखी तिथे ‘माहीत नाही’ असं असतं. कोरी तारीख आजच्या पुढे आहे का? माहीत नाही. बरं, आजच्या मागे आहे का? तेही माहीत नाही. आणि क्वेरीचा नियम असा की ज्या ओळीबद्दल ‘हो’ येत नाही ती ओळ गळते. म्हणजे येणाऱ्यांत विचारा, काकू नाहीत. न येणाऱ्यांत विचारा, तरी काकू नाहीत. एक अख्खी बाई, पेन्शन, चष्मा आणि कॅनडातल्या मुलीसकट, दोन्हीकडून गळली. शेवटी साहेबांनी ‘गेले’ कसे मोजले होते? एकूणातून ‘टिकले’ वजा. झालं. गळलेले सगळे ‘गेले’त.

मला संताप आला की मी पत्रक लिहिते. लिहिलं. ‘चातुर्मास पाळणाऱ्या निजामपुरावासीयांनो, आपल्या किचनवर कुऱ्हाड आली आहे. आजच फोन करून डबा सुरू करण्याची तारीख द्या.’ कंपनीची नोकर कंपनीच्याच गिऱ्हाइकांत पत्रकं वाटतेय, हे चुकीचं होतं की नाही याचा विचार मी पत्रक छापून झाल्यावर केला. मग स्कूटरवर टाकून वाटली. बऱ्याच जणांनी फोन केले, तारखा दिल्या. कुसुमकाकूंनी पत्रक वाचलं, लाल पेनाने एक काना दुरुस्त केला आणि मला परत दिलं.

‘‘मी नाही देणार तारीख.’’

‘‘काकू, एक तारीख द्यायची आहे फक्त. किचन वाचेल.’’

‘‘मी द्वादशी दिलीये. द्वादशी हा दिवस नाही का? त्या दिवशी सूर्य उगवत नाही? तुमच्या मशीनला पंचांग वाचता येत नाही हा माझा दोष आहे का गं?’’

‘‘नाही.’’

‘‘मग हे पत्रक मला कशाला देतेस? ज्याचा दोष त्याला जाऊन दे.’’

मला राग आला आणि तो टिकला नाही, कारण त्यांचं बरोबर होतं. अन्याय कंपनीने केला आणि मी कामाला लावलं काकूंना. माझ्या पत्रकबाजीच्या हयातीत इतका चुकीचा पत्ता मी कधी घातला नव्हता.

म्हणून दुसऱ्या दिवशी ऑफिसात बसून क्वेरी नव्याने लिहिली. टिकले, गेले आणि तिसरी ओळ: ‘थांबलेत, तारीख माहीत नाही’. हितेनभाईंनी बघितलं आणि चष्मा वर केला.

‘‘पल्लवीबेन, आ त्रीजुं खानुं क्यांथी आव्युं? इन्व्हेस्टरला दोनच आकडे लागतात.’’

‘‘हितेनभाई, माणसं दोनच प्रकारची नाहीत ने.’’

‘‘जे आव्या नथी ए गया. धंधामां एवुं ज होय.’’

मी तीच क्वेरी आधीच्या दोन वर्षांच्या निजामपुऱ्यावर चालवून त्यांच्यासमोर ठेवली. दर आषाढात आलेख पडतो, दर कार्तिकात उठतो. शहराच्या एकूण आकड्यांत ते कधी दिसलं नव्हतं इतकंच.

‘‘आता सांगा,’’ मी म्हणाले, ‘‘विमलताईंचं तेल दर आषाढात बिघडतं आणि कार्तिकात आपोआप सुधारतं का?’’

हितेनभाईंनी आलेखावरच्या दोन्ही कार्तिकांवर बोट ठेवलं. मग हसले. माणूस वाईट नाही, फक्त दोन आकड्यांवर वाढलेला आहे. विमलताईंना दिलेला कागद त्यांनी मागे घेतला, स्वतः फोन करून ‘‘बेन, भूल थई’’ म्हणाले आणि किचन कार्तिकीपर्यंत ठेवायचं कबूल केलं. त्या दिवशी गिऱ्हाइकं आली तर किचन राहील, नाही आली तर गेलं.

मी लगेच हात धुऊन घ्यायला गेले. म्हटलं, एक छोटा तक्ता करू या, तिथी आणि तिची तारीख. म्हणजे कोणी एकादशी म्हणालं, पाडवा म्हणालं, श्रावण संपल्यावर म्हणालं, तर यंत्रच तारीख शोधेल आणि डबा आपोआप सुरू होईल.

‘‘डेटाबेसमां पंचांग नाखवुं छे?’’ हितेनभाई म्हणाले. ‘‘पल्लवीबेन, आपणे डब्बा वेचीए छीए, मुहूर्त नहीं. ज्यांना यायचंय ते फोन करतील.’’

एका दिवसात दोन लढाया जिंकता येत नाहीत, असं मी स्वतःला सांगितलं. ती सोय होती. आजही ते वाक्य आठवलं की जीभ चावावीशी वाटते.

कार्तिकी द्वादशी उजाडली. सकाळपासून धाराचा फोन खाली ठेवला जात नव्हता. दिघे आले, पटवर्धन आले, मोहित्यांनी तर पाहुण्यांसकट डबे मागितले. विमलताईंनी भरीत केलं होतं, कांदा सढळ. हितेनभाई माझ्या पाठीशी उभे राहून ‘थांबलेत’ची ओळ कमी होताना बघत होते, क्रिकेटचा स्कोअर बघावा तसे. दुपारपर्यंत किचन वाचलं होतं. त्यांनी सगळ्यांसाठी जिलबी मागवली.

त्या ओळीत एक नाव शिल्लक होतं. कुसुम आगाशे.

‘‘तमारां कुसुमबेन?’’ हितेनभाईंनी चिडवलं. ‘‘जेमना माटे आटलुं लड्यां, ए ज न आव्यां.’’

‘‘फोन तो नथी आव्यो,’’ धारा म्हणाली.

मी फोन लावला. उचलला नाही. माणूस एकटं, वय झालेलं. स्कूटर काढली आणि निजामपुरा गाठला.

दार उघडंच होतं. काकू स्वयंपाकघरात टेबलाशी बसल्या होत्या. समोर ताट, वाटी, लिंबाची फोड, पाण्याचा तांब्या. गॅस सकाळपासून पेटवलेला नव्हता. आदल्या दिवशीचा एकादशीचा उपास, आणि घड्याळात दोन वाजून गेलेले.

‘‘काकू, फोन का नाही उचललात?’’

‘‘देवघरात होते तेव्हा वाजला. मग इथेच येऊन बसले. डबा कुठाय?’’

‘‘तुम्ही सुरू करायला फोन केला नाहीत.’’

काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं जसं शाळेत फळ्यावर चुकीचं गणित सोडवणाऱ्याकडे बघत असतील.

‘‘आषाढात सांगितलं होतं. द्वादशीला सुरू कर. आज द्वादशी. पुन्हा कशाला सांगायचं? इथे बस. मी शाळेत हजेरी घ्यायचे. हजर, गैरहजर आणि रजेवर. रजेवरच्या मुलाचं नाव पटावरून काढायचं नसतं, हे तुझ्या साहेबाला कळलं म्हणतेस. चांगलं झालं. पण रजेच्या अर्जावर परत येण्याचा दिवस लिहिलेला असतो, आणि त्या दिवशी त्याचा बाक मोकळा ठेवायचं काम शाळेचं असतं. मुलाने आधी फोन करून, बाई मी येऊ का, असं विचारायचं नसतं.’’

मी उठले. खाली जाऊन स्कूटर काढली, विमलताईंच्या किचनला गेले. गर्दीत भरीत संपलं होतं. विमलताईंनी नाव ऐकलं, हातातलं काम टाकलं आणि नवं वांगं गॅसवर ठेवलं. ते भाजेपर्यंत आम्ही दोघी त्याच्याकडे बघत उभ्या होतो.

काकू जेवल्या तेव्हा तीन वाजून गेले होते. पहिला घास घेऊन म्हणाल्या, ‘‘गूळ कमी झालाय आमटीत. सुधारली बाई.’’ मग विचारलं, ‘‘हा डबा कंपनीचा की तू आणलास?’’

‘‘कंपनीचा.’’

‘‘मग तसं लिही तिथे. आणि उशिरा आला असंही लिही.’’

लिहिलं. शेऱ्यात नाही, रकान्यात. मग जिलबीचा तुकडा हातात धरलेल्या हितेनभाईंसमोर उभी राहिले आणि काकू दोन वाजेपर्यंत कशाच्या भरवशावर उपाशी बसल्या होत्या ते सांगितलं. त्यांनी जिलबी खाली ठेवली. म्हणाले, ‘‘सारुं. नाखो पंचांग.’’ आमच्या डेटाबेसमध्ये आता तिथ्यांचा तक्ता आहे, आणि साधा आणि जैनच्या शेजारी चातुर्मासी नावाचा तिसरा डबा आहे, त्यात बटाटा असतो. मला बढती मिळालेली नाही. पत्रकांचा विषय निघाला की हितेनभाई खोकतात.

पण आमची एक कंपनी सुधारली म्हणून काय झालं? तुमचं दूध, पेपर, फुलपुडी, भाजीची टोपली, सगळं आता अशाच वर्गणीवर येतं आणि अशाच क्वेऱ्यांतून जातं. तिथे कोण बसलंय आणि कोरा रकाना दिसला की ते तुम्हाला कुठे टाकतात, तुम्हाला माहीत नाही.

हा दिवाळी अंक तुमच्या हातात आहे म्हणजे कार्तिकी एकादशी दारात आहे. चातुर्मासासाठी तुम्ही जे थांबवलंत, त्यांना आज फोन करा. परत कधी सुरू करू असं विचारलं तर तिथी सांगा. तारीख शोधायचं काम त्यांचं. शोधली का विचारा, कुठल्या रकान्यात लिहिली ते वाचून दाखवायला लावा. आणि द्वादशीला पुन्हा फोन करू नका. ताट मांडून बसा.